खिडकीतल्या चपला

हिराजी घरात चपला घालून यायचा आणि खिडकीबाहेर जाताना त्या काढून ठेवायचा. पहिल्याच भेटीत मी त्याला यावरून फैलावर घेतले होते. दिवाणखान्यातून तो थेट निजायच्या खोलीत गेला, खिडकीच्या कट्ट्यावर चपलांचा जोड नीट लावला आणि मी काही म्हणायच्या आत एक पाय बाहेर टाकला. आमचे घर चौथ्या मजल्यावर. बाहेर हातभर रुंदीचा सज्जा, आणि त्यापुढे लोखंडी अँगलवर बसवलेले एसीचे बाहेरचे यंत्र.

"अहो, चपला दारात काढतात!" मी ओरडलो.

"काका, दारात घसरलो तर उठीन," बाहेरून आवाज आला. "हितं पायानं धरायला लागतं. होडीवर कोन चपला घालतो का?"

तो उरणकडचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. समुद्र भावावर सोडून तो नवीन पनवेलला एसी दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला होता. त्याला शोधण्याची पाळी माझ्यावर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राने आणली. विचुंब्याच्या बाजूला नव्या इमारतींची कामे चालली होती. त्या धुळीने पत्नीचा दमा उसळे, म्हणून उन्हाळ्यातही खिडक्या बंद ठेवाव्या लागत. बंद खोलीतला एसी बंद पडला, तेव्हा सेवा केंद्राने मला तक्रार क्रमांक दिला आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. माझ्या नोंदणीकृत पत्राला उत्तर आले ते माझ्या अमूल्य सूचनेबद्दल आभार मानणारे. मी सूचना केलेली नव्हती, नोटीस दिली होती. शेवटी पत्नी म्हणाली, "तुमचं पुढचं पत्र माझ्या फोटोसमोर वाचा. आता कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस बोलवा."

हिराजी सद्गुणांचा पुतळा नव्हता. फोन केला की "रस्त्यात हाय" म्हणायचा आणि मागे मासळीबाजारातली बोली ऐकू यायची. दुसऱ्या कोणत्याही कारागिराचे नाव काढले की म्हणायचा, "त्याला निस्ता रिमोट द्या हातात, सेल उलटे घालील." उशिरा आल्याबद्दल मी त्याला करारभंग म्हणजे काय ते समजावू लागलो की त्याचे उत्तर ठरलेले असे: "काका, तुमी गरम नका होऊ. थंड करायला मी हाय ना." मग पत्नीसाठी आणलेला जिताडा मासा पिशवीतून निघे आणि माझा युक्तिवाद घरातल्या घरातच निकालात निघे.

एका बाबतीत मात्र मी नमलो नाही. जुन्या पनवेलच्या बाजारातून मी कमरेचा सुरक्षापट्टा आणि जाड दोर आणला. दोराचे एक टोक लोखंडी पलंगाला बांधले आणि जाहीर केले की पट्ट्याशिवाय ही खिडकी उघडणार नाही.

"हा तर कुत्र्याचा पट्टा," हिराजी म्हणाला. "काकी, भुंकू का?"

"तू नको," पत्नी म्हणाली. "घरात एक पुरे."

तो हसत हसत पट्टा बांधायचा, आणि तो बाहेर असेपर्यंत मी दोर धरून काम देणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी या विषयावर बोलत राहायचो. इतर घरांत मात्र तो पट्ट्याशिवायच उतरे. असे पट्टे सोसायटीने ठेवावेत, सर्व कारागिरांना सक्तीचे करावेत, आणि तोवर कोणीही माझा पट्टा न्यावा, असे मी समितीला वारंवार लिहिले. सेक्रेटरी जिन्यात भेटले की म्हणत, "साहेब, कशाला डोक्याला ताप? ही माणसं माकडासारखी चढतात." त्यांच्या या उद्गाराबद्दलही मी लेखी निषेध नोंदवला.

पुढच्या एका उन्हाळ्यात, भर दुपारी, आमच्या खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून हिराजी पडला. गाड्यांसाठी उभारलेल्या पत्र्यांवर आदळून खाली आला, म्हणून वाचला. कंबर आणि एक पाय मात्र गेला. पंचनाम्याच्या वेळी मी त्या घरात गेलो. खिडकीच्या कट्ट्यावर चपला नीट लावलेल्या होत्या.

चूक कोणाची ठरते यावर त्याचे उपचार आणि पुढचे सारे आयुष्य अवलंबून होते. समितीच्या बैठकीला मी पूर्ण तयारीनिशी गेलो. सेक्रेटरींनी माझीच पत्रे काढली. इतकी वर्षे त्यांनी ती वाचली नसावीत असा माझा समज होता. त्यांनी शांतपणे वाचून दाखवले की सुरक्षापट्टा इमारतीत, एका मजल्याच्या अंतरावर उपलब्ध होता. कारागिराला ते ठाऊक होते. त्याने तो घेतला नाही. सबब निष्काळजीपणा त्याचाच. ठराव एकमताने झाला. माझे विरोधी मत इतिवृत्तात आलेच नाही.

मी फिर्यादीचा मसुदा घेऊन रुग्णालयात गेलो. हिराजीने तो हातातही घेतला नाही.

"पोलिसांना सांगितलंय काका, माझीच चूक. सही पन झाली."

"खरं काय झालं?"

"मी बोललो, वरून काकांचा पट्टा आनतो. खालच्या बाई बोलल्या, पाव्हने येतायत, त्या म्हाताऱ्याकडं गेलास तर भाषन ऐकत बसशील. पाच मिन्टाचं काम हाय."

मी मसुदा पुन्हा त्याच्यापुढे धरला. मग मी म्हणालो, "हेच सांग. मी उभा राहतो तुझ्यामागे."

"तुमी ऱ्हाल. पन तुमच्या बिल्डिंगीतली सगळी कामं आता माझ्या जागी भाऊ करनार. होडी इकली त्यानं माझ्यापायी. तुमी भांडाल आनि दारं त्याला बंद होतील." आणि मग, सवयीने, "गरम नका होऊ काका." पुढचे वाक्य त्याने म्हटले नाही.

ज्याला इजा झाली त्यानेच दोष पत्करला, तर तिऱ्हाइताच्या पत्राची किंमत किती, हे मला कोणी शिकवायला नको. तरीही मी पत्रे पाठवली. सगळ्यांची पोच आहे. सोसायटीच्या फलकावर आता सूचना लागली आहे: कारागिरांनी स्वतःच्या जबाबदारीवर काम करावे. खालच्या बाई जिन्यात भेटल्या की आजही हिराजीच्या तब्येतीची चौकशी करतात. मी उत्तर देत नाही.

भाऊ येतो आमच्याकडे. अबोल आहे, वेळेवर येतो. तोही घरभर चपला घालून चालतो आणि खिडकीच्या कट्ट्यावर त्या नीट लावून ठेवतो. मी पट्टा पुढे करतो. तो काही न विचारता बांधतो, थट्टा करत नाही. त्याला जबाबदारी, निष्काळजीपणा, करार यांतले मी काहीही ऐकवत नाही. तो आत येईपर्यंत दोन्ही हातांनी दोर धरून गप्प उभा राहतो.