कपाशीतला पांढरा चेंडू

धुळ्याबाहेरच्या त्या गोल्फच्या मैदानावर गवत पावसाळ्यापुरतंच असायचं. खड्डे नऊ, आणि प्रत्येक खड्ड्याभोवती तेल मिसळलेल्या वाळूचा काळपट गोल. त्याला सगळे ब्राउन म्हणत. आपला चेंडू खड्ड्यात गेला की मागच्यांसाठी गोणपाट ओढून ती वाळू सारखी करायची, हा तिथला रिवाज. दिवसाचं तिकीट एका थाळीपेक्षा स्वस्त होतं, म्हणून तर आमच्यासारख्यांना हा खेळ परवडला. मी जळगावहून महिन्यातल्या एका रविवारी जायचो. माझे थोरले भाऊ, त्यांना मी भाऊच म्हणतो, धुळ्यातच राहायचे. काठ्यांचा जुना संच दोघांत एकच.

नऊ खड्डे पन्नास फटक्यांच्या आत पूर्ण करायचे, एवढीच भाऊंची इच्छा होती. अकरा वर्षांत ते जमलं नव्हतं. तीनदा बरोबर पन्नास झाले. कार्ड मीच लिहायचो, त्यामुळे आकडे पाठ आहेत. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि मग ते लेकीकडे पुण्याला कायमचे जाणार होते. म्हणजे हा शेवटचाच डाव.

नवव्या खड्ड्याच्या डाव्या हाताला कपाशीचं शेत होतं. बोंडं फुटली की त्यात पांढरा चेंडू दिसणं अशक्य, म्हणून त्या दिवसांत सगळे जण चेंडूला गेरू फासायचे. भाऊंनी मात्र लेकीने दिलेला नवा कोरा चेंडू काढला.

"गेरू लावा," मी म्हणालो.

"एवढ्या गोऱ्या चेंडूला? राहू दे. आज मी तिकडे मारतच नाही."

आठ खड्ड्यांत चव्वेचाळीस झाले होते. नवव्यावर पाच लागले तर एकोणपन्नास. पहिला फटका सरळ आणि लांब गेला. दुसरा थेट कपाशीत.

मैदानाचा नियम असा: चेंडू पाच मिनिटांत सापडला तर तो बांधावर ठेवून मारायचा, दंड नाही. नाही सापडला तर बांधावर दुसरा चेंडू ठेवायचा आणि एक फटका जादा धरायचा. मी घड्याळ लावलं. आम्ही दोघं वाकून बोंडं चाचपत फिरलो. मला प्रत्येक झाडावर पंधरा-वीस चेंडू दिसत होते.

"भाऊ, पाच मिनिटं झाली."

"तुझं घड्याळ पुढे आहे."

"मोबाइलचं आहे. पुढे नाही, मागे नाही."

"सख्खा भाऊ आहेस का टीसी?"

त्यांनी गेरू लावलेला चेंडू बांधावर ठेवला. तेवढ्यात कापूस वेचणारी एक बाई भरलेली ओटी सांभाळत आली. ओटीतल्या कापसातून तिने तो पांढरा चेंडू काढला.

"आबा, हाऊ तुमना शे का? कापूस येचता येचता हातमा उना."

"केव्हा सापडला, अक्का?"

"तुम्ही वावरमा उनात, तव्हयच."

म्हणजे आम्ही शेतात शिरलो तेव्हाच, पाच मिनिटांच्या आत. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"तिला सापडला," मी म्हणालो, "आपल्याला नाही."

बांधावरून एक फटका, ब्राउनवर दोन. दंड धरून नवव्यावर सहा. मी पन्नास लिहिलं. भाऊंनी दुखऱ्या गुडघ्याने गोणपाट ओढून वाळू सारखी केली. मला हात लावू दिला नाही.

याला सहा वर्षं झाली. मी अजून तिथे जातो, एकटाच. नववा खड्डा आला की काठीआधी मोबाइल हातात येतो आणि मी तो परत खिशात टाकतो. या दिवाळीत फोनवर त्यांना सांगून टाकलं, "भाऊ, तो एक फटका मी धरायला नको होता."

ते हसले. "पाचव्या खड्ड्यावर तू झाडाखाली पाणी पीत होतास, आठवतं? तेव्हा माझी काठी हवेत फिरली होती. चेंडूला लागलीच नाही. हुकला तरी तो फटकाच. धरला होतास का?"

"नाही."

"मग एकावन्न झाले. तू एकोणपन्नास लिहिलं असतंस, तर मला तेव्हाच सांगावं लागलं असतं. पन्नासला म्हटलं, चालतंय."

फोन ठेवून मी कपाटातलं ते कार्ड काढलं. पाचव्या खान्यात पाच होते, सहा हवे होते. मी पेनही घेतलं होतं. मग पेनाला टोपण लावलं आणि कार्ड होतं तसं परत ठेवलं.