दहा ते बारा मिस

तोंडावर बोट ठेवून तासभर बसवलेली पाच वर्षांची प्रेक्षा शाळेच्या खिडकीतून दिसली आणि सोनलचं डोकं फिरलं. तिनं आपल्या पोरीला कर्नाटक सीमेवरच्या सदलग्याला घरी आणलं. आता मीच शिकवणार, म्हणाली.

आधी कन्नड अक्षरं की मराठी? कन्नड घेतलं तर निपाणीचं माहेर रुसणार, मराठी घेतलं तर कानडी सासूबाई. तिनं दोन्ही पाट्या पुढं ठेवल्या. प्रेक्षानं दोन्हींवर मांजर काढलं.

घर शाळेसारखं वाटावं म्हणून सोनलनं नियम केला: दहा ते बारा आई म्हणायचं नाही, मिस म्हणायचं. तिचा तीन वर्षांचा सम्यक लगेच ओरडला, "मिस, शू!" हे मिसचं काम की आईचं, तिला कळेना.

"शिकवतीस का पोरं सांभाळतीस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"मलाच ठावं न्हाय, आत्ती!"

तेवढ्यात पाळण्यातला धाकटा धवल उठून बसला. वर्षाचा झाला तरी त्याला शब्द फुटला नव्हता. त्यानं सोनलकडं हात पसरले आणि हसला. "मिस!"

"आई म्हण रं," सोनल कळवळली. "आई."

प्रेक्षानं पाटीवरून मान वर केली. "अजून बारा वाजलं न्हाईत, मिस."