घाटासाठी राखलेला आवाज

हौशीराम बैलगाड्याच्या शर्यतीत माईकवर बोलायचा आणि मी त्याच्या शेजारी सेकंदाचं घड्याळ घेऊन बसायचो. त्र्याण्णव सालापासून पुढची आठ-नऊ वर्षं जत्रांच्या दिवसांत आम्ही दोघं घरी फक्त झोपायला जायचो. आज जुन्नरकडचा घाट, म्हणजे गाडे पळवायची धावपट्टी, उद्या आंबेगावातला. सकाळी हातात घेतलेला माईक दिवस मावळेपर्यंत तो खाली ठेवायचा नाही. दोनशे गाडे असले तर दोनशे मालकांची नावं, त्यांची गावं, बैलांची नावं. एखाद्या मालकाचं नाव घ्यायचं राहिलं तर तो तडक स्टेजवर चढून यायचा. हौशीरामकडून कुणाचं नाव राहिलेलं मी पाहिलं नाही.

गळा जपायचे त्याचे स्वतःचे नियम होते. ते सगळे उफराटे होते हे आज मी शहाणपणानं सांगतोय. तेव्हा मीही मान डोलवायचो. पाणी प्यायचं नाही, कारण मध्येच उठावं लागलं तर दुसरा कुणीतरी माईक धरेल. दर दहा गाड्यांनी एक विडी, गळा शेकायला. गाडा सुटला की उधळलेला भंडारा तोंडात जायचा. देवाचा म्हणून तो थुंकायचा नाही, गिळायचा.

आणि घरी बोलायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम. माघापासून वैशाख सरेपर्यंत घरात त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. भाकरी हवी असली की बोट, पुरे झालं की तळहात. ठमाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, काही विचारलं तर हो-नाहीची मान. धाकट्या लेकीला तापात झटके आले तेव्हासुद्धा जीप कुणाची आणायची हे त्यानं खुणेनंच सांगितलं. लोक म्हणायचे, आवाजाचं व्रत आहे. मी चेष्टा करायचो, वहिनी, तुम्हाला मुका नवरा मिळाला. लोक हसायचे. ती हसायची नाही, आणि ते माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

दोन हजार एक साली त्याचा आवाज बसला तो सुटेना. गंमत बघा, लोकांना तोच जास्त आवडला. खरखरीत, भरडा. गाडामालक म्हणाले, आता खरी धार आली. आमंत्रणं दुप्पट झाली. महिना उलटला, तरी हौशीराम त्या खरखरीवर खूश होता.

ठमाबाईनंच हट्टानं त्याला नारायणगावच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी होतो. डॉक्टर म्हणाले, विडी आजपासून बंद, पाणी घोटघोट पीत राहा, ओरडणं थांबवा. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असला तर घसा आतून बघावाच लागतो, उद्याच पुण्याला जा. मग मी घरच्या मौनव्रताचं कौतुकानं सांगितलं. डॉक्टरांनी आधी ठमाबाईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अहो, बायकोशी साधं बोलून कुणाचा गळा जात नाही," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर हौशीरामनं माझ्याकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात पारगावच्या बाजूला मोठा घाट होता. मी म्हणालो, "येवढी जत्रा हू दे, मंग जाऊ." हे मीच म्हणालो, दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही. त्या एका जत्रेच्या सगळ्या जत्रा झाल्या. विडीही सुटली नाही. पुण्याला गेलो तेव्हा आषाढ लागला होता. गाठ कॅन्सरची निघाली. स्वरयंत्र काढायचं ठरलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेलो. तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी गेलो. ठमाबाई खाटेच्या कडेला बसली होती. डॉक्टर तपासून निघाले तेव्हा तिनं विचारलं, आज यांनी बोलायचं का गळ्याला आराम द्यायचा? तो तरणा डॉक्टर जरा थबकला. "आता बोलू द्या," म्हणाला, "हवं तेवढं बोलू द्या."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला. मला माफी मागायची होती, ती जमली नाही. मग हौशीरामनं घसा खाकरला. पाच-पाच हजार माणसांपुढं न अडलेला माणूस, पण शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"ठमे," तो म्हणाला, "तुज्याशी लई बोलायचं ऱ्हायलं."

तिनं त्याच्या पायावरची चादर सारखी केली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला तुमच्या समद्या खुणा कळत्यात. उंद्यापास्नं तुमाला नवं आसंल. मला न्हाई."

त्यानं मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. सकाळी न्यायला आले तोवर त्याचा आवाज शाबूत होता. त्यानं तो वापरला नाही.