न टांगलेलं झुंबर

ताराआत्यानं ते झुंबर देवाला वाहिलं नव्हतं.

सकाळपासून गावाच्या ग्रुपवर तेच फिरायलंय. ‘लहानपणी महादेवाला कागदी झुंबर अर्पण करणाऱ्या ताराबाई गेल्या.’ गेल्या, हे खरं. पहाटे, पेडगावला, झोपेतच. बाकीचं चूक आहे, आणि चूक दिसली की मला राहवत नाही.

ती माझी सख्खी आत्या. वडलांची थोरली बहीण.

गोष्ट निजामाच्या काळातली, आमच्या गावची, देवगाव फाट्याकडची. महादेवाच्या देवळापुढची जुनी दगडी बारव ढासळली होती. दुरुस्तीला पैसा हवा. सभा घ्यायची तर इजाजत लागायची, जत्रेला सहसा कुणी अडवत नव्हतं. म्हणून पंचांनी ठरवलं, शिवरात्रीच्या जत्रेत घरोघरच्या हातच्या वस्तूंचा लिलाव करायचा.

कुणी गोधडी दिली, कुणी दावं वळून दिलं.

आत्या तेव्हा परकर-पोलक्यातली. तिनं कागदाचं झुंबर केलं.

कागद जिंतूरच्या बाजारातला, जाड, हातानं बनवलेला. रंग हळदीचा आणि पळसफुलांचा. कात्री न्हाव्याची, तीही न विचारता आणलेली. चिकटवायला कणकेची खळ, त्यात मोरचूद. मग कसर लागत नाही.

बांबूच्या कामट्यांची कडी, त्यांना कागदी कळ्यांच्या माळा, आणि सगळा भार एका रेशमी दोऱ्यावर. हातात धरून तोल बघायची. जी बाजू हलकी, तिकडच्या कळीत ज्वारीचा दाणा. जरा वारा लागला की झुंबर एका संथ चालीनं फिरलं पाहिजे.

मीही कागदाचं काम करतो, पण कुणाकडं शिकलो नाही. बिघडवत बिघडवत स्वतः शिकलो. पण दाण्याचं मला सुचलं नसतं.

आमच्या घराचं आढं बुटकं. त्यामुळं झुंबर पुरं झाल्यावर तिनं ते टांगून पाहिलंच नव्हतं. जो विकत घेईल त्याच्या दारात जाऊन बघू, एवढाच तिचा हिशोब.

लिलावात पाटलानं बोली जिंकली. पैसे दिले आणि म्हणाला, माझ्याकडून हे देवालाच परत.

पुन्हा लिलाव. आता अडत दुकानदार जिंकला. तो पाटलाहून कमी कसा पडेल? त्यानंही परत केलं. मग आणखी एकानं.

दिवसभर तेच झुंबर विकलं जात होतं आणि घरी कुणीच नेत नव्हतं.

बारवेचं काम झालं, हे कबूल. पण झुंबर देवाचं होऊन बसलं. देवाच्या वस्तूला हात कोण लावणार? ते गेलं देवळातल्या पत्र्याच्या पेटीत.

आत्या आजोबांना म्हणाली, “बाबा, म्या टांगायला केलं. पेटीत घालायला न्हाई.”

आजोबा म्हणाले, “गप. लय मान झाला तुजा.”

तिला मान नको होता असं नाही. चांगलाच हवा असायचा. माझं काम बघून नाक मुरडायची, बरं हाय पण जड झालंय म्हणायची. पण त्या झुंबराबद्दल तिला एकच पाहिजे होतं. ते फिरताना बघायचं होतं.

दर शिवरात्रीला पेडगावहून माहेरी आली की पंचांना विचारायची. पंच बदलत गेले. उत्तर तेच.

“लय जपून ठेवलंय, आत्याबाई.”

“जपायला ते काय लोणचं हाय का?”

सगळे हसायचे. पेटी बंदच.

गेल्या वर्षी ‘हेरिटेज बारव’ म्हणून पुन्हा वर्गणी निघाली. मी मीटिंगला गेलो. म्हणालो, आत्या अजून खुर्चीवर बसू शकते, एकदा टांगा, तिला बघू द्या. एकजण म्हणाला काचेच्या पेटीत ठेवू. दुसरा म्हणाला लॅमिनेट करू.

मी विचारलं, मग फिरेल कसं?

“काका, फिरवायचं कशाला? सेफ राहील ना.”

मी उठून आलो. तरी मागं लागलोच. शेवटी म्हणाले, येत्या शिवरात्रीला बघू.

शिवरात्रीला अजून वेळ आहे. आत्याला नव्हता.

आज दुपारी मातीहून परतताना पंच मला म्हणाले, आता तर तिची आठवण म्हणून ते नीट जपलं पाहिजे.

मी फक्त चावी मागितली. माझं तोंड बघून दिली असावी.

पेटी उघडली. घड्यांवर कागद तडकलाय. पळसाचा रंग पार उतरलाय. कसर मात्र कुठंच नाही. कळ्यांत दाणे अजून वाजतात.

उद्या सकाळी बारवेच्या कमानीत टांगणार आहे. फाटलं तर फाटलं.

ज्यांना यायचं त्यांनी बघायला या. हार आणू नका. बोली लावू नका.

आत्या, फार उशीर केला आम्ही. तू जा निवांत. झुंबर मी टांगतो.