घराला लावलेलं शटर

पुण्यातला मेव्हणा फोनवर दर वेळी तेच म्हणतो, "दाजी, तुमचं बरं आहे. तिकडं सगळं स्वस्त." ऐकलं की माझं डोकं फिरतं. सांगलीजवळच्या या गावात मेथीची जुडी स्वस्त मिळते, मान्य. पण गॅसची टाकी, पेट्रोल, रक्तदाबाची गोळी? मी खेड्यात राहतो म्हणून कुणी कर कमी लावत नाही. उलट इथं तर मला नसलेल्या दुकानाचा कर लागला.

मी म्हसवडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. खांद्यावर घोंगड्या टाकून पुण्यात दारोदार फिरलो, पुढं दुकान केलं. सांगितलेल्या किमतीला आयुष्यात काही घेतलं नाही. म्हातारपणी खर्च कमी व्हावा म्हणून दुकान विकलं आणि बायकोच्या माहेरी घर बांधलं.

पुढच्या पडवीत स्कूटर ठेवायची, तर दार हवं. सुतारानं दाराचा भाव सांगितला आणि मी उठूनच आलो. त्याच आठवड्यात साताऱ्यात एक जुनं दुकान पाडत होते. त्याचं लोखंडी शटर मी भंगाराच्या भावात काढलं. टेम्पोचं भाडंही पाडून घेतलं.

बायको म्हणाली, "आवं, घराला कुणी शटर लावतं व्हय?"

"तू बघ फक्त."

बघायला आला पंचायतीचा कारकून, टेप घेऊन. मी घरी नव्हतो. बायकोनं त्याला चहा पाजला. तो चहा पिऊन वहीत पडवीपुढं 'दुकान गाळा' असं लिहून गेला. घरपट्टी आली ती व्यापारी दरानं, दुपटीहून जास्त. आणि ती एकदाच नव्हे, दर वर्षी, मी मरेपर्यंत.

तसाच तणतणत पंचायतीत गेलो.

"शटर हाय न्हवं? मग गाळाच," कारकून म्हणाला.

"आत स्कूटर हाय!"

"आत काय हाय ते आमी लिवत न्हाई."

"उद्या गोठ्याला शटर लावलं तर म्हशीला दुकानदार म्हणशील का रं?"

सगळे हसले. तोही हसला. आकडा हलला नाही. मी सवयीनं म्हणालो, "बरं, निम्म्यावर मिटव."

त्याचं हसू गेलं. "काका, हितं भाव करत न्हाईत. शटर काढा, अर्ज द्या. मी येऊन बघतो."

पुन्हा सुताराकडं गेलो. माझी नड त्याला कळली होती. त्यानं भाव वाढवून सांगितला आणि मी गुमान दिला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दार बसलं, पंचायतीत अर्ज दिला. शटर अंगणात आडवं पडलं. ते घ्यायला तासगावकडचा एक जण आला आणि त्यानं मी दिलेल्या किमतीच्याही निम्मी किंमत सांगितली.

"भंगार वाटलं काय तुला?" मी ओरडलो. "पट्टी बघ, स्प्रिंग बघ!"

तेवढ्यात फाटकातून कारकून आत आला. काखेत टेप, हातात वही.

"काका, धंदा जोरात हाय की!"

"धंदा न्हाई रं बाबा. घरातली अडगळ काढतोय."

"आमी हितं काय बघावं? दारात गिऱ्हाईक, अंगणात माल." त्यानं पेनाचं टोपण काढलं.

तासगावकर बेरकी. एकदा कारकुनाकडं, एकदा माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, ठरलं का मग? निम्म्यात?"

पस्तीस वर्षं मी गिऱ्हाइकाची नड अशीच ओळखत आलो होतो.

"उचल," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता."

शटर टेम्पोत चढेपर्यंत कारकून उभाच होता. मग त्यानं दार उघडून स्कूटर बघितली, 'दुकान गाळा' खोडलं आणि वर 'पडवी' लिहिलं.

"पुढच्या वर्षापास्नं लागू. यंदाची पट्टी आली तशी भरा," तो म्हणाला आणि आत बघून हाक मारली, "काकू, च्या हाय का?"

बायकोनं आधण ठेवलंच होतं. मी पडवीत बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला. मेव्हण्याचं नाव बघून मी तो तसाच वाजू दिला.