धुरपताकाकी आणि ओस्माचा तलाव

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी ती कीबोर्ड पदराने पुसते.

उजव्या हाताने माऊस धरते, डाव्या हाताने गुडघा दाबत राहते.

गेममधल्या कोणाच्या घरात जायचं असेल तर दारात थांबते. आतून कोणी बोललं तरच शिरते.

उघड्या पेटीतलं सोनं घेत नाही. त्यामुळे तिचा योद्धा कायम फाटक्या कपड्यांत फिरतो.

घोडा मिळाला की आधी त्याच्यासाठी पाणी शोधते.

राक्षस मेला की "झालं तुयं" म्हणते. रागाने नाही.

संवाद वगळायचं बटण तिने आजवर एकदाही दाबलेलं नाही.

ही धुरपता कापगते. वय चोपन्न. लाखनीच्या पुढे हायवे सोडला की सहा किलोमीटरवर आमचं गाव. गावच्या तलावाखाली तिची अडीच एकर धानाची शेती आहे, तिला लागून आमची. मी तिला काकी म्हणते. मराठीत एम.ए. झाल्यापासून मी घरीच आहे, आणि माझ्या बहुतेक दुपारी तिच्याकडे जातात.

चार वर्षांपूर्वी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून तिचा पाय मोडला. तिचा मुलगा गोलू तेव्हा नोकरीसाठी हैदराबादला निघाला होता. त्याने आपला कॉम्प्युटर घरीच सोडला. आईने खाटेवर पडून कंटाळू नये म्हणून एक जुना साहसी गेम लावून दिला. एका दीपगृहात हरवलेला माणूस शोधायचा, असा गेम. काकी सातवी शिकलेली. इंग्रजी वाक्य आलं की ती मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरायची, मोबाइल त्याचं वेडंवाकडं मराठी करायचा. अकराव्या दिवशी तिने तो माणूस शोधून काढला. प्लास्टर निघालं तोवर चार गेम संपले होते. पुढे मी एम.ए. होऊन घरी आले आणि वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

गेम संपला की ती त्याबद्दल बोलायची. मी ऐकत राहायची. कॉलेजात पाच वर्षं समीक्षा वाचली होती, पण असं कोणी बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणून मी मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागले, आणि तिला विचारून त्याचा चॅनल काढला. 'काकीचा गेम' असं नाव भोजराजकाकांनी दिलं. हे तिचे यजमान. स्वतः गेम खेळत नाहीत, पण मागे खुर्ची टाकून बसतात.

काकी गेमला तारे देत नाही. कुडो देते. आमच्याकडे धान मोजायचं ते माप. वीस कुडोची एक खंडी, म्हणजे पूर्ण गुण. खंडी तिने अजून कोणालाच दिलेली नव्हती.

दीपगृहाच्या गेमला सतरा कुडो मिळाले. "यात कोनीच खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "माहीत नसन तर माहीत नाही म्हनते. असे लोक कुठी भेटतेत आता?"

ड्रॅगनच्या एका भल्यामोठ्या गेमवर जगभर लोक जीव टाकतात. काकीने त्याला नव्वद तास दिले आणि तेरा कुडो. "डोंगर मस्त आहेत. पन तो राजा दर घडीले मलेच पाठवते. याचे शिपाई काय झोपून रायतेत? सात कुडो त्या राजाचे कापले."

"डोंगराचे किती देल्ले?" काकांनी मागून विचारलं.

"डोंगराचे पूर्न. डोंगर कायले कामं सांगते मले?"

तिचा एकच नियम होता. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही. चार हजार लोक आमचा चॅनल ऐकत होते. मला ते खूप वाटायचे.

मग 'लँटर्न्स ऑफ व्हेरन' आला.

हा भूमिका घेऊन खेळायचा गेम. दोन जणांनी बनवलेला, चार वर्षं जुना, जाणकारांच्या फार आवडीचा. त्यात ओस्मा नावाचं गाव आहे. बारा घरं. गावाच्या वर एक मोठा तलाव, दगडामातीच्या पाळीचा. चौथ्या भागात सात दिवसांचा पाऊस लागतो, तिसऱ्या दिवशी पाळ फुटते, ओस्मा बुडतं. तुम्ही काहीही करा, बुडतंच. पुढचा गेम त्या दुःखावर चालतो. सगळे समीक्षक यावर एकमताने लिहितात की, हीच या गेमची ताकद. मीही कॉलेजच्या अंकात लिहिलं होतं. नियती, शोकांतिका, असे शब्द वापरले होते. तो लेख मी काकीला वाचूनही दाखवला होता.

काकीच्या हातून ओस्मा पहिल्यांदा बुडालं तेव्हा तिने माऊस बाजूला ठेवला. मला वाटलं, रडेल.

"हे दुःख नोहे वो, उर्वशे," ती म्हणाली. "हे काम न येनं आहे."

"म्हणजे?"

"पार पाह्यली नाही कोनी. सांडव्यात झाडं वाढली. पानी डोक्यावर आलं तवा पयाले. अशानं कोनतंही गाव बुडन."

पार म्हणजे तलावाची पाळ. मी तिला सांगितलं की हे लिहिलेलं आहे, बदलत नाही. जगात लाखो लोक खेळले, कोणालाच जमलं नाही.

"त्यातले तलावाखालचे किती?"

हे वाक्य मी रेकॉर्ड केलं होतं. तिला विचारून चॅनलवर टाकलं. तिथून सगळं सुरू झालं.

पुण्याच्या एका मोठ्या रिव्ह्यूअरने ते उचललं. त्याला दीड लाख लोक बघतात. त्याने काकीचा आवाज ऐकवला, हसला, आणि म्हणाला, आजीबाईंना कोणीतरी सांगा, ही भाताची शेती नाही. दोन दिवसांत आमच्या चॅनलवर बाराशे कॉमेंट आल्या. मी त्या वाचून दाखवत नव्हते. काकांनी वाचल्या.

"आजी कोनाले म्हनते तो?" काकी म्हणाली. "माह्या गोलूचं लगन नाही झालं अजून."

मग तिने मला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. ती शांतपणे बोलली. येत्या रविवारी दुपारी दोन वाजता मी सगळ्यांसमोर ओस्मा खेळीन. गाव वाचलं तर या गेमवर बोलीन. नाही वाचलं तर यापुढे कोणत्याच गेमवर बोलणार नाही.

"असं कायले म्हटलं?" बाहेर आल्यावर मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मी खोटी ठरली तर कोन ऐकन माह्यं? अन् कायले ऐकावं?"

गोलूचा हैदराबादहून फोन आला. "आई, तो गेम तसाच बनवला आहे वो. शब्द मागं घे."

"तू जेवला का?" काकी म्हणाली, आणि फोन काकांकडे दिला.

रविवारी चार हजार शंभर लोक थेट बघत होते. पुण्याचा तो रिव्ह्यूअरही आला होता.

काकीने चौथा भाग उघडलाच नाही. दुसऱ्या भागापासून सुरुवात केली. तेव्हा गेममध्ये कडक ऊन असतं, गावात जत्रा असते, करण्यासारखं काही नसतं. सगळे खेळाडू हा भाग धावत ओलांडतात.

"आमच्याकडं मिरगाच्या आधी तलावाचं काम निंघते," तिने माइकवर सांगितलं. "घरामागं एक मानूस. दारोदार जाऊन सांगा लागते. पयल्या बारीले कोनी होय म्हनत नाही. दुसऱ्या बारीले पाहू म्हनते. तिसऱ्यांदा गेलं का येते."

आणि ती ओस्मात दारोदार गेली. लोहाराने सांगितलं, जत्रा आहे. ती परत गेली. तो म्हणाला, बघू. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "फावडं घेऊन येतो."

हे वाक्य आजवर कोणी वाचलेलं नव्हतं. कॉमेंटचा ओघ थोडा थांबला.

सव्वा तास ती घरं फिरत होती. मग माणसं तलावावर आली. खेकड्यांनी पाळीत बिळं केली होती, ती बुजवली. सांडव्यातली झुडपं काढली. एक जाड मूळ मात्र निघालं नाही. काकी त्याच्याकडे बघत राहिली, पण वेळ झाला होता. पाऊस सुरू झाला.

त्या तलावात पाणी सोडायचा दगडी खांब आहे. आमच्या तलावातही आहे, आम्ही त्याला तुडूम म्हणतो. खांबाला एकाखाली एक चार भोकं, प्रत्येकाला बूच. घाबरलेला खेळाडू सगळ्यात खालचं बूच काढतो, कारण तिथून जास्त पाणी जातं. त्या जोरानेच पाळ खचते. काकीने वरचं काढलं. पाणी उतरेपर्यंत थांबली. मग दुसरं.

तिसरा दिवस गेला. एरवी याच दिवशी पाळ फुटायची. चौथा गेला. पाचवा गेला. मी वहीत खुणा करत होते, आधी घरांच्या, आता दिवसांच्या.

सहाव्या दिवशी सांडवा त्या मुळापाशी तुंबला आणि पाणी पाळीवरून आलं. ओस्मा बुडालं.

पुण्याच्या रिव्ह्यूअरने लिहिलं, "छान प्रयत्न, आजी." हसणारे चेहरे पाऊण मिनिट वाहत होते.

काकीने चहा मागितला. काकांनी आणून दिला. ती बशीत ओतून पीत होती, सगळ्यांसमोर. मग म्हणाली, "उर्वशे, गावात घरं किती?"

"बारा."

"मी किती घरी गेली?"

मी वही पाहिली. "अकरा."

तिने बशी खाली ठेवली. कपाळाला हात लावला.

गावाच्या टोकाला एका म्हातारीचं घर होतं. एकटी बाई. आमच्याकडे एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घरून माणूस मागत नाहीत. ते घर सोडतात. तिला त्रास नको म्हणून, तिचा मान म्हणून. काकीने गेममध्येही सोडलं होतं. मुद्दाम नाही. तिचे पायच तिकडे वळले नव्हते.

"मीनंच सोडलं तिले," ती म्हणाली. "तिच्या घरचा मानूस म्हनजे तेच होती ना."

"परत खेळशील?" काका म्हणाले. "पोह्यासाठी धान भिजू घातलं आहे काल संध्याकाळी."

"तुमी काढा पान्यातून. हात नाही का तुमाले?"

ती जुन्या सेव्हवर परत गेली. म्हातारीच्या दारात थांबली. पहिल्यांदा म्हातारी बोलली नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, पाहू. तिसऱ्यांदा पडद्यावर वाक्य आलं आणि मी ते मोठ्याने वाचलं. "अकरा घरी गेलीस. मला वाटलं, मी मेले असं समजलीस."

काकी हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच.

म्हातारी घरातून कुऱ्हाड घेऊन आली. ते मूळ तिने तोडलं. कसं तोडायचं ते गावात फक्त तिलाच माहीत होतं, तो सांडवा तिच्या नवऱ्याने बांधलेला होता.

पाऊस पडला. काकीने वरचं बूच काढलं, थांबली, दुसरं काढलं, थांबली. तिच्या कपाळावर घाम होता. काका खुर्ची सोडून उभे होते. पाचवा दिवस. सहावा दिवस. सांडव्यावरून पाणी जात होतं, जितकं यायचं तितकंच जात होतं. सातव्या सकाळी पडदा उजळला. तलाव काठोकाठ भरलेला. खाली बारा घरं. एकेका घरातून धूर निघू लागला.

कोणीच काही लिहीत नव्हतं. मला वाटलं, नेट गेलं.

मग कॉमेंट इतक्या वेगाने आल्या की वाचता येईनात. पुण्याच्या रिव्ह्यूअरचं वाक्य मधेच दिसलं. "काकू, चूक माझी. माझा व्हिडिओ काढतो आहे. मला ही बाराही घरं परत खेळायची आहेत." त्याने खरंच काढला.

"आजीची काकू झाली," काका म्हणाले. "अजून घंटाभर खेळली असती तर ताई झाली असती."

लाखो लोकांनी ज्याला नियती म्हटलं, मीही म्हटलं, ते तीन वेळा दार ठोठावलं नाही इतकंच होतं. घरी गेल्यावर मी माझा तो लेख काढून वाचला. भाषा चांगली होती. एकही वाक्य खरं नव्हतं.

दोन दिवसांनी गेम बनवणाऱ्या दोघांचं पत्र आलं. भाऊ-बहीण आहेत. त्यांच्या आजोळीही तलाव होता, तिथेही घरटी एक माणूस यायचा. त्यांनी लिहिलं होतं, हा रस्ता आम्ही मुद्दाम कुठेच सांगितला नाही. चार वर्षं कोणी येईल म्हणून वाट पाहत होतो. तुम्ही आलात. मी ते काकीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटून ऐकलं.

"खंडी का मग?" मी विचारलं. चॅनलवर आता सव्वीस हजार लोक याच उत्तराची वाट पाहत होते.

"संपला कुठी अजून?" ती म्हणाली.

खरंच संपला नव्हता. ओस्मा वाचलं की गेममध्ये पाचवा भाग उघडतो. तो कोणीच पाहिलेला नव्हता. त्यात लढाई नाही, राक्षस नाही. गावकरी तलावाखाली तुम्हाला एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, देतात, चिखल केलेली, पाण्याने भरलेली, आणि रोपांच्या जुड्या काठावर ठेवून जातात. लावायची कशी ते सांगत नाहीत. काकीने पहिल्या दिवशी चार ओळी लावल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्या बांधीपर्यंत आली. मधल्या दोन ओळी वाकड्या गेल्या म्हणून उपटून पुन्हा लावल्या.

तेवढ्यात आमच्याकडे खरा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला. तिने सेव्ह केलं, कॉम्प्युटर बंद केला, आणि रोवण्याच्या बायांना कामाचं सांगायला निघून गेली.

त्याला आता तीन आठवडे झाले. ती सकाळी सातला शेतात जाते, अंधार पडता पडता परत येते, जेवते आणि झोपते. रोज कोणीतरी मला विचारतं, काकीने किती कुडो दिले. ओस्मातली बांधी अर्धी लावलेली आहे. उरलेल्या जुड्या काठावर तशाच आहेत.