डाव्या बाजूचा माणूस

गुरुवारी सकाळी पाटस रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं आबांना धडक दिली. दुपारी ते गेले.

वडिलांच्या त्या मरणामागचं मी आजवर कुणाशी बोललेले नाही. ताईशीही नाही. तुम्हाला सांगते — पण सावकाश.

वर्षभर आधी दौंडच्या डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांत आतवर पाहिलं. काचबिंदू आहे, म्हणाले. शीर सुकते आहे, औषधाचे थेंब जन्मभर घालावे लागतील. मग माझ्याकडे वळले. "हा घराण्यात उतरतो. तुमचेही डोळे तपासून घ्या."

मी वाचनालयात काम करते. वाचण्यापलीकडे माझ्याजवळ होतं तरी काय?

ताई शिरूरला दिलेली. आणखी एकदा दाखवू म्हणून आबांना तिकडे नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांचा फक्त दाब मोजला. दाब ठीक होता. थेंबांची गरज नाही, म्हणाले. दोन गावं, दोन मतं — असं होतंच, नाही का? आम्ही शिरूरचं मत घेऊन घरी आलो.

मग घरात ते सुरू झालं. मी आबांच्या डावीकडून गेले की ते दचकत. "कवा आलीस गं? भिताडातनं निघतीस व्हय?" आधी हसायचे. पुढं हसणं थांबलं. डावीकडं कुणीतरी उभं असतं, म्हणायचे, मान वळवली की मगच दिसतं. घरात आम्ही दोघंच. तरी बोलता बोलता ते थांबत, आणि कुणाला तरी जाऊ द्यायचं असावं तसे भिंतीपासून जरा सरकून बसत.

शेजारच्या मामींनी उतारा टाकायला सांगितला. नारळ-लिंबू आबांवरून ओवाळून मीच तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, ठेवून आले. मागे वळून पाहायचं नसतं. नाही पाहिलं.

आणि हे सगळं डोळ्यांचं आहे, हे मला ठाऊक होतं. काचबिंदू आधी कडेची नजर खातो, हे मी वाचलं होतं.

शिरूरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं — "आधी कुठं दाखवलंय का?" दौंडचा कागद माझ्या पिशवीत होता. दाब ठीक असला तरी शीर सुकू शकते; तो कागद पाहून त्यांनीही कदाचित आत डोकावलं असतं. मी नाही म्हणाले. शेजारी बसलेल्या आबांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी शिकलेली — तिला कळत असेल, असं त्यांना वाटलं असावं.

त्यांना काचबिंदू नसला, तर मलाही नसणार होता. एवढंच होतं ते.

ट्रॅक्टर डावीकडून आला.

कागद माझ्याकडे आहे. माझे डोळे मी अजून दाखवलेले नाहीत.